तीनशे दहा मिलिमीटर जागा

दुकानाचं शटर वर गेलं की थोरली सगळ्यात आधी हुकावरची स्टीलची पट्टी काढायची आणि कोरड्या फडक्याने पुसायची. पट्टी साठ सेंटिमीटरची, कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली. चोरून आणलेली नव्हे. नऊ वर्षं तिथे सहायक म्हणून काम केल्यावर निरोपाच्या दिवशी "काय हवं?" असं विचारलं गेलं, तेव्हा तिने ही मागून घेतली होती. दुसऱ्या कुणी भिंतीवरचं घड्याळ मागितलं असतं.

दुकान कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं. चालवायच्या दोघी जावा. नवरे, म्हणजे भाऊ-भाऊ, घरांच्या वायरिंगची कामं घेत आणि दुकानात फक्त जेवणाचे डबे विसरून जायला येत. थोरली मोजायची, धाकटी बोलायची. थोरलीने दिवसभरात शंभर वाक्यं उच्चारली तर धाकटी तिला "घसा दुखतोय का?" म्हणून विचारायची. गिऱ्हाइकांनी थोरलीचं नाव मिलिमीटरताई ठेवलं होतं. धाकटीलाही एक नाव होतं, पण ते तिच्या तोंडावर घ्यायची कुणाची हिंमत नव्हती.

त्या महिन्यात नवीन ग्राफिक्स कार्ड बाजारात येणार होतं. आधीच्या कार्डापेक्षा दुप्पट वेगाचं, आणि किंमत जगभर एकच, साठ हजार. "एकच किंमत" हे शब्द जाहिरातीत ठळक होते आणि त्यांच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. चांदणीचा खुलासा तळाशी होता, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: प्रादेशिक दर वेगळे असू शकतात.

धाकटीने ठळक अक्षरं वाचली आणि आल्यागेल्याला सांगून टाकलं, "आमच्याकडे जाहीर किमतीलाच मिळेल, निश्चिंत राहा." थोरलीने तळाची ओळ वाचली होती, पण तोवर चार जणांना सांगून झालं होतं.

"बोललीस ना?" थोरली म्हणाली. "मग आता लिहून देऊ."

"लिहून कशाला? बोललेलं विसरतात लोक."

"आपण नाही ना विसरत."

आणि नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला द्यायच्या चिठ्ठीवर तिने स्वतःच्या अक्षरात "जाहीर किमतीला" असं लिहिलं आणि खाली सही केली.

थोरलीच्या नोंदणीच्या वहीत नाव लागणं मात्र सोपं नव्हतं. कॉम्प्युटरचं कॅबिनेट दुकानात आणायचं, नाहीतर ती स्वतः घरी यायची. बाजूचं झाकण उघडून मागच्या पत्र्यापासून पुढच्या पंख्यापर्यंत किती जागा मोकळी आहे ते ती पट्टीने मोजायची, पॉवर सप्लायवरचं लेबल टॉर्च लावून वाचायची, आणि मग विचारायची, "यावर काम काय करता?" त्याचं उत्तर ऐकून कित्येकदा वही मिटायची.

"तुम्हाला याची गरज नाही. जुनंच दोन वर्षं पुरेल."

गिऱ्हाईक निघून गेलं की धाकटी कपाळाला हात लावायची. "जाऊबाई, आपण दुकान टाकलंय की दवाखाना? औषध नको, फक्त पाणी प्या म्हणून परत पाठवता."

तिने सव्वीस जण तपासले आणि वहीत अकरा उरले. वितरकाचा मागणीचा फॉर्म आला तेव्हा तिने त्यात अकरा हा आकडा भरला. फॉर्मवर कार्डाचं नाव होतं, लांबी-रुंदी काही नव्हती. जाहिरातीतल्या कार्डाची लांबी दोनशे अठ्ठ्याण्णव मिलिमीटर होती आणि वहीतल्या अकराही कॅबिनेटांत त्याहून जास्त जागा होती. तिने पुन्हा एकदा सगळी मापं ताडून पाहिली आणि फॉर्म पाठवला.

सोमवारी सकाळी उत्तर आलं. धाकटीने ते वाचलं, मग चष्मा काढून पुसला, मग पुन्हा वाचलं.

"चार," ती म्हणाली. "आणि दर अडुसष्ट हजार."

थोरलीने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"कोटासाहेबांनी खाली लिहिलंय," धाकटी म्हणाली. वितरकाच्या गोदामात मालाची वाटणी करणाऱ्या साहेबांना ती कोटासाहेब म्हणायची. दोघींनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, फक्त फोनवर ऐकलं होतं. "'आपल्या भागाला मागणीच्या एक-तृतीयांश.' अकराचे एक-तृतीयांश म्हणजे जवळपास पावणेचार, उदार होऊन चार केलेत."

"बाकीच्या दुकानांना किती?"

"मी विचारलं. चौकातल्याला बारा. पुलापलीकडच्याला पंधरा."

"त्यांच्याकडे इतके गिऱ्हाईक आहेत?"

"आहेत कुठले? त्यांनी छत्तीस लिहिले, पंचेचाळीस लिहिले. साहेब तिसरा हिस्सा देतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, जाऊबाई. सगळे तिप्पट लिहितात. तुम्ही एकट्याच अशा की अकरा हवेत म्हणून अकरा लिहिता. फॉर्म दुपारपर्यंत दुरुस्त करता येतो. तेहतीस लिहा."

थोरलीने वही उघडली. अकरा ओळी होत्या, प्रत्येकीपुढे माप, लेबलवरचा आकडा, काम.

"वरच्या बावीस जणांची मापं काय लिहू?" तिने विचारलं.

"मापं मागतंय कोण?"

"वहीत रकाना आहे."

धाकटीने हात जोडले आणि चहा टाकायला आत गेली. यात थोरलीचा हट्ट नव्हता. नऊ वर्षं तिने मुलांच्या वह्यांत आधी उत्तर ठरवून मागाहून भरलेली निरीक्षणं पकडली होती, आणि अशी वही एकदा हातात आली की तिच्यातली खरी पानंही निकामी होतात हे तिला पक्कं माहीत होतं. तिला या वहीचा काहीतरी उपयोग होता. नेमका कोणता, ते अजून दिसत नव्हतं, एवढंच.

दुपारी दातवाला आला. तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि खोटे दात बनवायचा. आता हे काम कॉम्प्युटरवर व्हायचं. तोंडाच्या आतल्या भागाची मोजणी यायची, पडद्यावर दात कोरायचा आणि मग यंत्राने तो कापून निघायचा. त्याच्या जुन्या कार्डावर एक जबडा फिरवून बघायला चाळीस मिनिटं लागत. तोवर तो खिडकीतून रस्ता बघत बसायचा. थोरलीने वहीत त्याचं नाव लगेच घातलं होतं, कारण त्याच्या कामाबद्दल तिला प्रश्नच पडला नव्हता.

"ताई, एक विचारू का?" तो उभ्या उभ्याच म्हणाला. "मोठ्या बाजारातल्या एका दुकानाने माझ्यासाठी एक कार्ड बाजूला ठेवलंय. बहात्तर हजार म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत थांबतील."

"आणि तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या मनात तुमची चिठ्ठी आहे." त्याने खिशातून घडी काढली. चिठ्ठीच्या कडा मऊ पडल्या होत्या. "फक्त खरं सांगा. तुमच्याच्याने होणार नसेल तर मला राग नाही. मी बहात्तर भरीन आणि वर्षभर जरा कमी खाईन. पण शुक्रवार उलटून गेल्यावर 'नाही' म्हणू नका. तिकडचंही जाईल आणि दोन डॉक्टर माझ्याकडचं काम काढून घेतील. त्यांनी तसं सांगितलंय."

आतून धाकटी कपबशीसकट दारात येऊन उभी राहिली.

"शुक्रवारी दुपारी चार वाजता या," थोरली म्हणाली. "कॅबिनेट घेऊन या."

तो गेल्यावर धाकटीने कपबशी टेबलावर ठेवली. "चार कार्डं आहेत, त्यातलं एक त्याला देऊ. वरचे आठ हजार आपण सोसू. पण बाकीचे दहा जण?"

"अकराच्या अकरा," थोरली म्हणाली. "बुधवारी मी गोदामात जाते."

"तुम्ही? बोलायला?"

"वही घेऊन."

"मग मी येते. वही बोलत नाही."

"तू दुकान सांभाळ. चिठ्ठ्या घेऊन कुणी आलं तर शुक्रवार सांग. त्यापुढे एक शब्द नको."

"एक शब्द नको," धाकटी म्हणाली, "हे मला सांगणं म्हणजे जरा जास्तच होतंय," पण तिने मान डोलावली.

गोदाम बसने दोन तासांवर होतं. शहराच्या कडेला एकसारख्या पत्र्याच्या शेडांची रांग, त्यातल्या सातव्या शेडवर वितरकाची पाटी. आत चिकटपट्टीचा आणि पुठ्ठ्याचा वास होता. लाकडी पाटांवर खोके रचून त्यांना पारदर्शक कागद गुंडाळलेला होता आणि एक पिवळी गाडी पिप पिप करत पाट उचलून फिरत होती. कोपऱ्यात काचेची केबिन. थोरलीच्या मनातले कोटासाहेब जाडजूड आणि मिशीवाले होते. केबिनमध्ये बसलेला माणूस किरकोळ होता आणि त्याच्या टेबलावर सर्दीच्या तीन गोळ्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

"बाई, वाटणी झालेली आहे," तिने नाव सांगताच ते म्हणाले. "आज सकाळपासून तुम्ही पाचव्या. सगळ्यांना जास्त पाहिजेत. मी काय पिठाच्या गिरणीतून काढू?"

"मी जास्त मागायला आले नाही. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत."

साहेबांनी एक गोळी उचलली. समजून घ्यायला गोदामात कुणी येत नसावं.

"जाहीर किंमत साठ. आमच्या भागात अडुसष्ट. हे आठ हजार कशाचे?"

"वाहतूक धरा हजारभर. बाकीचा परताव्याचा बोजा." त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि काचेतून बोट दाखवलं. भिंतीला लागून उघडलेल्या खोक्यांची उतरंड होती. "ते बघा. गेल्या वेळचं कार्ड. तुमच्या भागातून शंभर गेले, अठरा परत आले. नादुरुस्त म्हणून. तपासलं तर अठरापैकी पंधरा ठणठणीत. कुणाच्या कॅबिनेटमध्ये मावलं नाही, कुणाचा पॉवर सप्लाय दमला. पण खोका एकदा उघडला की नवा म्हणून विकता येत नाही. तो तोटा मी कुठून काढू? पुढच्या मालाच्या दरातून काढतो. मोठ्या बाजारातून परत कमी येतात, तिकडे दर कमी."

"आमच्या दुकानातून किती परत आले?"

"दर भागावार लागतो, दुकानावार नाही."

"माझ्या माहितीसाठी सांगा."

त्यांनी नाइलाजाने कळफलकावर बोटं चालवली. मग पडद्याच्या जवळ सरकले. मग पुन्हा काहीतरी दाबलं.

"पाच वर्षांत दोनशे बारा कार्डं," ते म्हणाले. "परत, शून्य… नाही, एक."

"एक. त्याच्या पंख्याचं पातं खरोखर मोडलेलं होतं."

"मोडलेलं होतं," साहेबांनी पडद्यावर वाचून मान्य केलं. त्यांनी तिच्याकडे आता पहिल्यांदा नीट पाहिलं. "हे कसं काय?"

तिने वही टेबलावर ठेवून त्यांच्याकडे फिरवली. साहेबांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. रकान्यांवरून त्यांचं बोट सावकाश खाली उतरत गेलं. बाहेर पिवळी गाडी दोनदा येऊन गेली.

"तुम्ही प्रत्येकाच्या घरी जाऊन मोजता?"

"जो आणू शकत नाही त्याच्या."

"आणि ज्यांच्यापुढे काट मारलीय ते?"

"त्यांना गरज नव्हती."

साहेबांच्या चेहऱ्यावर, एखाद्याने पैशांचं पाकीट परत आणून द्यावं तसा, कौतुक आणि संशय यांचा मिळून एक भाव आला. "बाई, दर मी बदलू शकत नाही. खरंच नाही. ते वरून येतं. पण एक खातं आहे. पक्की विक्री. कॉलेजं, इस्पितळं यांच्यासाठी वेगळा माल राखून ठेवतात. जाहीर किमतीला जातो, वर फक्त वाहतूक. अट एकच, मोडकं निघालं तर बदलून मिळेल, बाकी कुठल्याही कारणाने परत घेणार नाही. दुकानदारांनाही ते खुलं आहे, पण आजवर एकानेही सही केलेली नाही. आपण विकतो ते गिऱ्हाइकाच्या घरी मावेल की नाही, हे कुणाला माहीत असतं?"

"मला माहीत आहे."

"तेच बघतोय." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "त्या खात्यात आज वीस पडून आहेत. वाटणीतले चार रद्द करून यातले अकरा तुमच्या नावावर टाकू? वाहतुकीचे हजार तुम्हाला भरावे लागतील."

"एका खेपेत मी स्वतः नेले तर?"

साहेब हसले, आणि हसताना त्यांना खोकला आला. "तर काही नाही."

त्यांनी कागद छापला. तिने पेन उघडलं. सगळं इतकं सरळ जुळून आलं होतं की दुसरी कुणी असती तर सही करून मोकळी झाली असती. थोरलीने पेनचं टोपण पुन्हा लावलं.

"आधी खोका बघू द्या."

"सीलबंद आहे. सगळे सारखेच."

"बाहेरूनच बघते."

गाडीवाल्याने पाटावरचा एक खोका आणून टेबलावर ठेवला. चित्रात कार्डाला तीन पंखे होते. जाहिरातीतल्याला दोन होते. थोरलीने खोका आडवा करून बाजूची बारीक अक्षरं वाचली.

लांबी तीनशे एक्केचाळीस मिलिमीटर.

"हे जाहिरातीतलं नाही," ती म्हणाली.

"आतली चिप तीच. बनवणारी कंपनी वेगळी. हिचे पंखे तीन, म्हणून लांब. तुमच्या भागाला हेच आलंय. दोन पंख्यांचं छोटं सगळं मोठ्या बाजाराच्या ट्रकमध्ये आहे."

थोरलीने वही ओढून घेतली आणि मापांच्या रकान्यावर पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकवली. तीनशे पासष्ट, बसेल. तीनशे पन्नास, बसेल. तीनशे बावीस, नाही. एकेका ओळीशी थांबत ती तळापर्यंत आली आणि चार ठिकाणी पेन्सिलीची टिंबं पडली. सगळ्यात कमी जागा दातवाल्याच्या कॅबिनेटमध्ये होती. तीनशे दहा.

"सात बसतील," ती म्हणाली. "चार बसणार नाहीत. चूक माझी आहे. तुमच्या फॉर्मवर लांबी नव्हती, तर मी विचारायला हवी होती. मी गृहीत धरली."

इतक्यात तिचा फोन वाजला. धाकटी. दुकानातला आवाज मागे ऐकू येत होता.

"काय झालं? मिळाले का?"

तिने थोडक्यात सांगितलं.

"मग अकराच्या अकरा घ्या ना," धाकटी म्हणाली. "जे चार बसणार नाहीत ते दारातच जातील. आत्ता माझ्यासमोर तिघं उभे आहेत, सत्तरला घ्यायला तयार आहेत. आणि त्या चौघांना आपण…" पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारलं आणि तिने "शुक्रवारी" असं उत्तर दिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या चौघांत दातवाला आहे का?"

"आहे."

"मग नको," धाकटी म्हणाली. "मग काहीतरी दुसरं करा. तुम्हाला सुचेल," आणि फोन ठेवला.

साहेब कागद हातात धरून वाट बघत होते. "अकरा ना?"

"सात. बाकीचे मला नकोत."

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "हे कार्ड आज कुणी नको म्हणत नाही. तीन महिने कुणी म्हणणार नाही."

"मी सही करते ती परत न आणण्याची. चार खोके परत आणायचे हे मला आत्ताच माहीत आहे, तर सही कशी करू?" तिने सातचा आकडा स्वतः लिहिला आणि खाली सही केली. मग पेन तसंच उघडं ठेवून विचारलं, "मोठ्या बाजाराच्या ट्रकमध्ये छोटी किती आहेत?"

"तीस. संध्याकाळी निघेल."

"त्यांना छोटीच हवी आहेत का?"

साहेब खुर्चीत मागे रेलले. "छे. सकाळपासून तेच रडगाणं ऐकतोय. त्यांना तीन पंखे पाहिजेत. दुकानाच्या काचेत तीन पंखे उठून दिसतात म्हणे. छोट्याला नाकं मुरडतात."

"वेग तर एकच आहे."

"वेग काचेतून दिसत नाही, बाई."

"मग त्यांच्या ट्रकमधली चार छोटी मला द्या आणि माझी चार लांब त्यांना. पक्क्या विक्रीवरच. चौघांची मापं मी आत्ता वाचून दाखवते: तीनशे बावीस, तीनशे पस्तीस, तीनशे दहा, तीनशे तीस. छोट्याची लांबी किती?"

साहेबांनी गाडीवाल्याला हाक मारली. छोटा खोका आला. या वेळी तिने आकड्याखाली पट्टी धरून बाजूची अक्षरं दोनदा वाचली, आणि साहेबांनीही मान वाकवून पट्टीकडे पाहिलं, जणू आकडा बदलेल की काय.

"दोनशे अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली.

त्यांनी फोन उचलला. मोठ्या बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्याशी त्यांचं बोलणं दोन मिनिटांत आटोपलं, आणि त्यातलं दीड मिनिट पलीकडचा माणूस "नक्की ना? तीन पंख्यांची ना?" असंच विचारत होता. फोन ठेवून साहेबांनी दुसरा कागद छापला. थोरलीने चारचा आकडा लिहिला.

"एक सांगू का?" कागदावर शिक्का मारत ते म्हणाले. "तेहतीस लिहिले असते तर तुम्हाला आज अकरा मिळाले असते. लांब. अडुसष्टला. आणि चार मला परत आले असते."

"हो," थोरली म्हणाली. "फॉर्मवर लांबीचा रकाना हवा. आणि उपलब्ध जागेचाही."

"तुमच्यासारखा दुसरा कोण भरणार तो?"

"रकाना असला की भरावा लागतो."

साहेबांनी उरलेल्या दोन गोळ्या बाजूला सारल्या आणि एक कोरा कागद तिच्यापुढे ठेवला. "आखून द्या," ते म्हणाले. थोरलीने पट्टी ठेवली आणि आखून दिला.

अकरा खोके बसने आणता येणार नव्हते. भाऊ-भाऊ वायरिंगची गाडी घेऊन आले. गाडीत वायरची वेटोळी, शिडी आणि सोमवारचा एक डबा होता. परतीच्या वाटेवर धाकट्या दिराने तीनदा विचारलं, "वहिनी, यांची खरंच एवढी किंमत आहे?" आणि तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर गाडीचा वेग कमी केला.

शुक्रवारी पावणेचारलाच दातवाला कॅबिनेट छातीशी धरून आला. कॅबिनेट टेबलावर ठेवून तो बाजूला उभा राहिला. धाकटीने झाकणाचे स्क्रू काढले. थोरलीने छोटा खोका उघडला, कार्ड दोन्ही हातांनी धरलं, आधी मागची कड पत्र्यात बसवली आणि मग हलक्या हाताने खाली दाबलं. टक असा एक आवाज आला. कार्डाचं पुढचं टोक आणि पंखा यांच्यामध्ये फट राहिली. तिने पट्टीचं टोक त्या फटीत धरलं.

"बारा मिलिमीटर," ती म्हणाली.

"पुरेत?"

"हवा खेळायला पुरेत."

त्याने खिशातून मऊ पडलेली चिठ्ठी आणि मोजलेले साठ हजार काढून टेबलावर ठेवले, आणि दुकानातूनच फोन लावला. "नको," तो मोठ्या बाजारातल्या माणसाला म्हणाला. "हो, मिळालं. साठला. नाही, खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांसमोर बसवलंय." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. त्याने फोन कानापासून जरा लांब धरला आणि धाकटीकडे बघून हसला.

पंधरा दिवसांनी वितरकाचा नवा फॉर्म आला. गिऱ्हाइकामागे एक ओळ, ओळीत उपलब्ध जागा, पॉवर सप्लायचा आकडा आणि परत न करण्याची सही. त्या दिवशी दुकानातला फोन दर दहा मिनिटांनी वाजत होता. चौकातल्या दुकानदाराने विचारलं. पुलापलीकडच्याने विचारलं. फोन धाकटीने घेतले, कारण बोलणं हे तिचं खातं होतं.

"मागच्या पत्र्यापासून पुढच्या पंख्यापर्यंत," ती प्रत्येकाला सांगत होती. "नाही, हाताने वीत लावून चालणार नाही. टेलरची टेपही नको, ती ओढली की वाढते. स्टीलची पट्टी घ्या. …पंचेचाळीस गिऱ्हाईक? अरे वा. मग पंचेचाळीस झाकणं उघडा." तिने फोन ठेवला आणि थोरलीकडे वळली. "पुलापलीकडचा म्हणतो, आता त्याचे नऊच उरलेत."

"नऊ चांगला आकडा आहे," थोरली म्हणाली. तिच्यापुढे एक नवीन कॅबिनेट उघडं होतं. तिने पट्टी आत सरकवली. "लिही. तीनशे अठ्ठेचाळीस."

धाकटीने लिहिलं.